अनुभव धागा : अंगठी तुमच्या हातात असती तर?

परवा नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर आम्ही पाच-सहा जण भुट्टे खात बसलो होतो. विषय 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या फ्रोडोवर गेला, म्हणजे मोहात पाडणारी ती जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या नायकावर, आणि भांडण लागलं. टोल्कीनचे 1954-55 सालचे ते तीन खंड वाचून काढायचे, आणि नायकाने शेवटी ज्वालामुखीच्या पोटात उभं राहून अंगठी फेकायचीच नाही? माझी म्हणून बोटात घालायची? अंगठीसाठी वेडा झालेल्या तिच्या जुन्या मालकाने, गोलमने, बोटच चावून तोडलं म्हणून जग वाचलं. एकजण म्हणे फ्रोडो हरला, दुसरा म्हणे तिथवर पोचला हेच खूप. भुट्टे थंड झाले, पण निकाल लागला नाही.

म्हणून हा धागा. अशा महाकादंबऱ्यांतल्या कोणत्या पात्राचं वागणं तुम्हाला आधी पटलं नव्हतं आणि नंतर पटलं? कुठली जादू खरी वाटली? परीक्षण नको, स्वतःचा अनुभव लिहा. शेवट फोडला जाईल, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी बाहेर थांबा. आणि 'ज्वालामुखीपर्यंत गरुडांवर बसून का नाही गेले' असं विचारणाऱ्याने सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे, हा आमचा जुना दंड आहे.

नागपूरच्या महाल भागातून

फ्रोडोसोबत निघालेला योद्धा बोरोमिर माझ्या डोक्यात जायचा. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा सरळ गद्दार ठरवून मोकळा झालो होतो. पुढे बाबा आजारी पडले, दवाखान्याचं बिल वाढून राहिलं होतं, आणि मी आईला न विचारता तिच्या पाटल्या इतवारीत गहाण टाकल्या. सराफाने काट्यावर ठेवल्या तेव्हा एक पाटली हळूच डुलत राहिली, ते अजून डोळ्यांपुढे आहे. मी चोरी थोडीच करत होतो? घरासाठीच करून राहिलो होतो ना! बोरोमिरचंही तेच. अंगठीचं काय करायचं म्हणून भरलेल्या परिषदेत बाकीचे बसून धोक्याची चर्चा करतात, पण रोज लढतंय ते याचं शहर. त्याला अंगठी त्या शहरासाठी हवी असते. फ्रोडोच्या अंगावर धावून जातो, पाय अडखळून पडतो, आणि पडल्या पडल्या रडायला लागतो. ते पान मी आता सावकाश वाचतो.

आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मागितल्या असत्यास तर काढून नसत्या दिल्या का?"

धंतोलीतून, थोडक्यात

गँडाल्फ जादूगार असून जादू का करत नाही, ही माझी शाळेपासूनची तक्रार. बर्फात सगळे गारठून मरायला टेकतात तेव्हा कुठे काठीने मोळी पेटवतो, आणि वर कुरकुरतो की आता मी इथे आहे हे लांबवर सगळ्यांना कळलं. पण फ्रोडो अंगठी पुढे करतो तेव्हा हा घाबरून नाही म्हणतो. मोह वाईटाचा नाही, भलं करण्याचा होईल, याची त्याला भीती. मोठ्या पदावरची माणसं जवळून पाहिल्यावर ही भीती मला कळली.

प्रतापनगरमधून

लेकीच्या टेबलावर उर्सुला ले ग्विनचं 1968 सालचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' पडलेलं असायचं. पोरांचं पुस्तक म्हणून मी हात लावला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर बसून उघडलं.

तिथल्या जादूचं सगळं बळ खऱ्या नावात आहे. ज्याला तुमचं खरं नाव ठाऊक, त्याची तुमच्यावर सत्ता. म्हणून लोक ते लपवतात आणि टोपणनावाने वावरतात. तेरा वर्षांच्या मुलाचं लहानपणचं नाव आधी काढून घेतात, मग तो थंडगार पाण्यातून एकटा पलीकडे चालत जातो, आणि काठावर उभा असलेला गुरू त्याच्या कानात नवं नाव सांगतो. गेड. मला पटकन आमचं बारसं आठवलं. आत्या कानात कुर्र करते ना, तेच.

पण त्याहून जास्त आठवलं माझं लग्न. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवीन नाव काढलं, पेढे वाटले. जुनं नाव काढून घेतलं, पण नवं कुणी कानात सांगितलं नाही. ते आधी पत्रिका पाहून ठरलं होतं, आणि मला मांडवातच कळलं. बावीस वर्षं मी त्याच नावाने 'ओ' देते आहे. राग नाही म्हणा. पण गेड सगळं गमावून बसलेला असताना त्याचा मित्र व्हेच निरोप घेताना आपलं खरं नाव त्याला सांगून टाकतो, तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. बँकेच्या कागदांवर माझं माहेरचंच नाव आहे. तिथे पुकारा झाला की मी अजून दचकते.

रामटेकहून

तुम्ही सगळे साहेबांच्या पुस्तकांत रमलात, ठीक आहे. आम्ही हे गच्चीवर ऐकलं. दिवसभर तापलेल्या गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकायच्या आणि आजी महाभारतातलं सौप्तिक पर्व सांगायची. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही अस्त्र सोडतात. व्यास आणि नारद मधे उभे राहतात. अर्जुन आपलं परत घेतो, अश्वत्थाम्याला घेता येत नाही, आणि तो ते पांडवांच्या सुनांच्या गर्भावर वळवतो. द्रोणांनी मुलाला ती विद्या दिली, पण मनाविरुद्ध दिली होती. मुलगा कसा आहे हे बापाला ठाऊक होतं, तरी दिलीच. आजी इथे थांबून माझ्या काकांच्या खाटेकडे बघायची. का, ते मला फार उशिरा कळलं.

मानेवाड्यातून

मी फ्रोडोचा इमानी सोबती सॅम याच्याबद्दल लिहिणार आहे, शिव्या घाला खुशाल. सगळ्यांचा लाडका तो. पण शत्रूच्या मुलुखात जाणाऱ्या सिरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्यांवर फ्रोडो झोपलेला असतो, गोलम परत येतो, त्याच्याकडे बघत राहतो, आणि घाबरत घाबरत हात पुढे करून त्याच्या गुडघ्याला हलकेच लावतो. त्या क्षणी तो बदलू शकला असता. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि खेकसतो, चोरासारखा कुठे गेला होतास म्हणून. झालं. गोलमच्या डोळ्यांतलं ते विझतं.

माझ्या भावाने दारू सोडली होती. चौदा दिवस. पंधराव्या दिवशी संध्याकाळी सातलाच घरी आला, हातात संत्र्यांची पिशवी. मी दार उघडलं आणि तोंडातून निघालं, "आज कुठून उगवलास बे इतक्या लवकर?"

त्याने पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि चपला न काढताच वळला.