मदत हवी आहे: सेकंडहँड लॅपटॉपवर मूळचं विंडोज ८.१ परत टाकायचंय

नमस्कार मंडळी. पुतणीच्या बीकॉमसाठी गेल्या महिन्यात एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. कंपनीतून विंडोज ८.१ सह आलेला, पण विकणाऱ्याने विंडोज १० टाकून दिलंय. बटण दाबून चहा करून आणला तरी स्क्रीनवर गोल चक्र फिरतच असतं! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के.

मूळ सिस्टीमवर जावं म्हटलं, तर रिकव्हरी पार्टिशनच (मूळ सिस्टीम परत टाकण्यासाठी डिस्कवर राखलेला भाग) उडवलेलं दिसतंय. खालच्या स्टिकरवर नुसता लोगो आहे, प्रॉडक्ट की (विंडोज अॅक्टिव्हेट करायचा क्रमांक) छापलेली नाही. ती बायोसमध्ये (मदरबोर्डच्या चिपमध्ये) होती, पॉवरशेलमधून कमांड देऊन काढली आणि वहीत लिहून ठेवली.

आता पेनड्राइव्हवरून ८.१ टाकलं तर हीच की चालेल ना? आवृत्ती तीच लागते का, साधी की प्रो? वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवू का?

दुसरी धाकधूक म्हणजे ८.१ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२३ मध्येच बंद झालेत, आणि तिला बँकेचे व्यवहारही यावरच करायचेत. की हे सगळं सोडून सरळ एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवू? लिनक्स नको, तिला टॅली लागतं.