डिस्क राईट केली म्हणजे झालं का?

"डीव्हीडीवर उतरवला की गेम कायमचा आपला" हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटलं. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेच गेम डिस्कवर टाकले तरी सुरू होताना लॉगिन मागतात, मग ती डिस्क नुसती शोभेची. जीओजी या दुसऱ्या दुकानाचा ऑफलाइन इन्स्टॉलर (इंटरनेटशिवाय गेम बसवणारी फाइल) मात्र काही विचारत नाही, म्हणून मी तेच राईट करून ठेवतो. ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३८ दिसते, घाबरू नका, फक्त मोजायची पद्धत वेगळी आहे. मोठ्या गेमला २५ जीबीची ब्लू-रे घ्या.

खरी गोची नंतर होते. राईट करायच्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन-दमटपणाने खराब होतो. माझी एक सात वर्षांनी कॉपी करताना अर्ध्यातच अडकली. तेव्हापासून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, आणि चेकसमची (फाइल बिघडली का ते पडताळायच्या आकड्याची) चिठ्ठी डबीत. रंगीत कव्हर छापायला डिस्कपेक्षा जास्त पैसे गेले, ते घरी सांगितलेलं नाही.