काचेच्या टाकीसाठी बदामाची वाळलेली पाने कशी तयार करावीत?

प्रश्न : शिक्षक, आर्वी तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या शाळेत 60 लिटरची काचेची टाकी असून तिच्यात गप्पी मासे आहेत, आणि शेजारच्या 20 लिटरच्या टाकीत एक फायटर मासा आहे. आवारात बदामाचे मोठे झाड आहे व सध्या त्याची पाने लाल होऊन गळत आहेत. ही पाने माशांना मानवतात असे वाचल्यामुळे मागील आठवड्यात मुलांनी वेचून आणलेली 6 पाने मी नुसती धुऊन मोठ्या टाकीत सोडली. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले, त्याला कुबट वास येऊ लागला, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि 2 गप्पी मेले. मुले फार हिरमुसली, आणि चूक माझी असल्यामुळे मलाही ते मनाला लागले आहे. पाने उकळावीत की भिजवावीत, किती टाकावीत आणि त्यांनी पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे याचे माप) खरोखर उतरतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमचे पाणी बोअरचे आहे; चहाच्या गंजाला (पातेल्याला) आतून पांढरा थर बसतो, इतके ते जड आहे.

उत्तर : फायटर पाळणारा, साकोली

सर, लाल होऊन गळालेले पान आणि वाळलेले पान यांत फरक आहे, आणि आपली अडचण तिथेच झाली असावी. नुकत्याच गळालेल्या पानात ओलावा आणि शर्करा शिल्लक असते. असे पान पाण्यात पडले की जिवाणू झपाट्याने वाढतात, पाणी दुधाळ होते आणि पाण्यातला प्राणवायू ते जिवाणूच संपवतात. फायटर हवेतूनही श्वास घेऊ शकतो म्हणून तो अशा पाण्यात तग धरतो. गप्पीला ते जमत नाही.

पान पूर्ण तपकिरी झालेले असावे आणि चुरगळले की कुरकुरीत मोडावे. मी देठावरून पारख करतो : वाकवल्यावर तो कट्कन तुटला तर पान तयार आहे, लवला तर आणखी आठवडाभर सावलीत पसरून ठेवावे. डाग पडलेली, बुरशीची किंवा पाखरांची विष्ठा लागलेली पाने सरळ टाकून द्यावीत. उरलेली पाने साध्या पाण्यात दोन्ही बाजूंनी हाताने चोळून धुवावीत. साबण अजिबात लावू नये.

पुढे दोन वाटा आहेत. 10 मिनिटे उकळले तर पान मऊ पडून लगेच तळाशी बसते, पण त्यातले बरेचसे टॅनिन (पाण्याला तपकिरी रंग देणारा तुरट घटक) त्या पाण्यात निघून जाते. मी स्वतः उकळत नाही. पानांवर कढत पाणी ओतून ती रात्रभर झाकून ठेवतो आणि सकाळी ते पाणी फेकून पाने टाकीत सोडतो. ती दोन-तीन दिवस तरंगतात, मग आपोआप बुडतात. साधारण 40 ते 50 लिटर पाण्याला 1 मोठे पान पुरते. आपल्या मोठ्या टाकीत 1 आणि फायटरच्या टाकीत अर्धे पान टाकून आठवडाभर निरीक्षण करावे. पाणी कोऱ्या चहासारखे होईल. तो रंग अपायकारक नाही. पानावर पांढरट बुळबुळीत थर आला तरी घाबरू नये, गप्पी तो टोचून खातात.

उत्तर : झिंगे पाळणारी, दारव्हा तालुका

वरील माहितीशी मी सहमत आहे, परंतु पान कोणत्या झाडाचे, याइतकेच ते झाड कुठे उभे आहे, हे पाहिले पाहिजे, असे मी कळकळीने सांगते. आमच्या वावरातल्या विहिरीजवळ बदामाचे झाड आहे. कापसावर फवारणी चालू होती त्या दिवसांत गळालेली पाने मी व्यवस्थित वाळवून, उकळून टाकीत घातली, तरी दुसऱ्या सकाळी सगळे झिंगे तळाशी आडवे पडलेले होते. कीटकनाशक उकळून निघून जाईल, हा माझा समज चुकीचा होता. झिंगे आणि किडे हे दूरचे नातलगच असल्यामुळे किड्यांसाठीचे औषध झिंग्यांना अगदी थोडक्या मात्रेतही मारते. शाळेचे आवार कपाशीला किंवा संत्र्याच्या बागेला लागून नसेल, तरच तिथली पाने घ्यावीत. मुले हौसेने दुसरा पालाही आणतील, त्यांना आधीच सांगून ठेवावे : कडुनिंब, कण्हेर, रुई आणि निलगिरी यांचे एकही पान टाकीत जाऊ देऊ नये.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

दोघांचेही मनापासून आभार. आवाराच्या तिन्ही बाजूंना घरे आहेत, त्यामुळे फवारणीची भीती नाही. काल मी 2 पाने लोखंडी कढईत उकळली, तर पाणी तपकिरी होण्याऐवजी काळेशार झाले. हे पाणी वापरावे का?

उत्तर : रसायनशास्त्राचा पदवीधर, चिमूर तालुका

वापरू नये. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो; हिरडा आणि लोखंड यांपासून शाई करत, ती याच गुणामुळे. उकळायला स्टीलचे पातेले घ्यावे.

सामूविषयी आपण विचारले होते, त्याचे उत्तर कुणी दिलेले नाही. जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि पानातून येणारे सौम्य आम्ल ते लगेच निष्प्रभ करते, म्हणून आपल्या बोअरच्या पाण्यात पाने टाकून रंग येईल, सामू मात्र जवळजवळ हलणार नाही. तो उतरवण्यासाठी पानांची संख्या वाढवत नेली, तर कुजणारा पाला वाढून पहिल्यासारखाच प्रसंग ओढवेल. गप्पींना जड पाणीच मानवते, तिथे काही बदलू नये. फायटरसाठी पाणी मऊ हवे असल्यास गावात मिळणाऱ्या आरओच्या कॅनचे पाणी बोअरच्या पाण्यात निम्मे मिसळावे, तेही एकदम न करता दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे.

एप्रिल-मे महिन्यांत पाने कमी करावीत. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, आणि रात्री वीज जाऊन एअरपंप बंद पडला तर कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू ओढून घेतात. अर्धवट विरलेली, जाळीदार झालेली पाने त्या दिवसांत काढूनच टाकलेली बरी.

उत्तर : झिंगे पाळणारी, दारव्हा तालुका

सर, आता पानगळ चालू आहे तोवरच वर्षाची बेगमी करून ठेवा, कारण पावसाळ्यात पाने नीट वाळत नाहीत. कोरडी पाने वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली की माझ्याकडे पुढच्या पानगळीपर्यंत चांगली राहतात. फक्त आपण धान्याच्या कोठीत टाकतो तसा कडुनिंबाचा पाला त्या खोक्यात टाकू नका.