पायरी पायरीने: सोलापूरकरांचे जिन्यांचे अनुभव

आपलं गाव सपाट. सायकलवर निघालं तर पायाला चढ असा लागत नाही. तरी जिना म्हटलं की मला आधी आजोबांचा कसब्यातला वाडा आठवतो. जाड भिंतीच्या पोटातूनच माळवदावर जाणारा दगडी जिना होता. अंधारा, एका माणसापुरता, धरायला वरून सोडलेला दोर. उन्हाळ्यात रात्री अंथरुणं घेऊन आम्ही पोरं त्यातून वर जायचो. पाय जपून टाकायचा, कारण वरून सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. वाडा पाडून वीस वर्षं झाली, पण ती सातवी पायरी माझ्या पायाला अजून पाठ आहे.

म्हणून हा धागा. प्रवासात तुम्ही चढलेला किंवा उतरलेला, पायाच्या लक्षात राहिलेला एखादा जिना सांगा. देशातला, परदेशातला, कुठलाही. गुडघे दुखणाऱ्यांना तो झेपेल का, तेही लिहा. ते वाचूनच बरेचजण आपला बेत ठरवतात.

सुरुवात माझ्यापासून. शाळेची सहल विजापूरला गेली होती, एसटीने. गोल घुमटाच्या चार कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मिनार आहेत, वर जाणारा जिना त्यांच्या पोटात आहे. पायऱ्या उंच, अरुंद, वळणावळणाच्या. दर मजल्याला कमानीतून उजेड आणि वारा येतो, लगेच पुन्हा अंधार. वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. तिथे भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं. 1656 चं काम आणि घुमटाचा व्यास 44 मीटर, हे गुरुजींनी खाली सांगितलं होतं. वर गेल्यावर कुणालाच ते आठवलं नाही, सगळे ओरडत सुटले.

पुढे 2014 साली मुलाकडे लंडनला गेलो आणि सेंट पॉल कॅथीड्रलच्या 257 पायऱ्या चढून तिथल्या कुजबुजत्या सज्ज्यात उभा राहिलो. तिथला जिना रुंद, पायऱ्या इतक्या बुटक्या की चढतोय असं वाटतच नाही. मी भिंतीला तोंड लावून मुलाचं घरातलं नाव घेतलं. तो पलीकडून म्हणाला, "बाबा, विजापूर!" लहानपणी त्यालाही मी तिथे नेलं होतं. गोल घुमट सोलापूरहून शंभर किलोमीटरवर आहे आणि अजून पाहिला नाही असं सांगणारे भेटतात, तेव्हा मला वाईट वाटतं. सकाळी लवकर जा, सहली यायच्या आत.

पूर्व भागातून, यंत्रमागाचा व्यवसाय

आमचा जिना मलेशियाचा. क्वालालंपूरजवळ बटू केव्हज म्हणून चुनखडीच्या डोंगरातल्या गुहा आहेत, आत मुरुगन स्वामींचं, म्हणजे कार्तिकेयाचं देऊळ. खाली स्वामींची सोनेरी मूर्ती, जवळजवळ 140 फूट उंच. तिच्या शेजारून 272 पायऱ्या थेट गुहेच्या तोंडाशी जातात. 2018 मध्ये त्या सगळ्या पायऱ्या रंगवल्या. लांबून बघितलं तेव्हा मला जिना वाटलाच नाही. निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा. रंगवलेलं सूत ताण्यावर चढवलंय आणि वरपर्यंत ओढून धरलंय असं वाटलं. मी तर तिथेच उभा राहिलो.

आईला घेऊन गेलो होतो. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसायची. तिचे गुडघे त्यातच गेले. मी म्हटलं, अम्मा, तू खाली बस, मूर्तीला नमस्कार कर, झालं. ती म्हणाली, एवढ्या लांब विमानाने आणलंस ते खाली बसवायला?

मग ती निघाली. मधल्या कठड्याला धरून मोजत चढायची. पंचवीस झाल्या की थांबायची आणि म्हणायची, "एक बंडल." विडीचं बंडल पंचवीसचं असतं, ते तिच्या बोटांत बसलंय. दोन बंडलं झाली, तीन झाली. पाचव्या बंडलाला ती पायरीवर बसली. एक माकड शेजारी येऊन बसलं. माकडं तिथे लई आहेत, हातातली पिशवी ओढतात, पाण्याची बाटलीसुद्धा सोडत नाहीत. आईने पिशवी पदराखाली घेतली आणि त्याच्याशी तेलुगूत बोलायला लागली. पाच मिनिटं बोलली असेल. उठून म्हणाली, चल.

शेवटची पायरी आली तेव्हा दहा बंडलं आणि वर बावीस झाल्या होत्या. आई म्हणाली, "तीन कमी पडल्या रे." गुहेच्या आत वरून छत उघडं आहे, तिथून ऊन येतं आणि पाणी ठिबकतं. आत आणखी थोड्या पायऱ्या आहेत. त्यातल्या तीन तिने मोजून घेतल्या आणि मगच हात जोडले.

कपडे गुडघे झाकणारे असू द्या, नाहीतर खाली भाड्याने कापड घ्यावं लागतं. तैपुसमच्या उत्सवाला कावड घेऊन लाखो लोक येतात. वयस्करांना त्या दिवसांत नेऊ नका.

जुळे सोलापुरातून, निवृत्त शिक्षिका

दादा, तुमच्या आईंचं वाचून डोळे भरून आले.

मी रोमचं लिहिते. स्पॅनिश स्टेप्स सगळ्यांना माहीत असतात. 135 पायऱ्या, 1725 मध्ये पुऱ्या झालेल्या, खाली कारंजं, वर चर्च. सुंदर आहेत. पण 2019 पासून तिथे बसायला मनाई आहे. आमच्यातल्या एक ताई टेकल्या तर पोलिसाने लगेच शिट्टी मारली. ज्या जिन्यावर बसता येत नाही तिथे माझं मन रमलं नाही.

मन रमलं ते स्काला सांक्तात, म्हणजे पवित्र जिन्यात. संगमरवराच्या 28 पायऱ्या. येशूला ज्या जिन्याने रोमन सुभेदार पिलातापुढे नेलं तोच हा, आणि चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईने, सेंट हेलेनाने, तो रोमला आणवला, अशी श्रद्धा आहे. या जिन्यावर पाऊल ठेवत नाहीत, गुडघ्यांवर चढतात. संगमरवर झिजू नये म्हणून 1723 मध्ये वरून लाकडी फळ्या बसवल्या. 2019 मध्ये दुरुस्तीनंतर काही आठवडे फळ्यांशिवाय दगड मोकळा ठेवला होता. दगडाला खळगे पडलेले होते, गुडघ्यांनी आणि पावलांनी, शेकडो वर्षांचे. चालत जाणाऱ्यांसाठी बाजूला वेगळे जिने आहेत, मी त्यातल्या एकाने गेले. आमच्या गाईडला मी विचारलं, पाऊल का नाही ठेवायचं? तिने सांगितलं, पण मला ते आधीच कळलं होतं.

मी पंढरपूरची माहेरवाशीण. महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेव महाराजांनी तिथे समाधी घेतली, 1350 साली. आणि आपण काय करतो? तिच्यावर पाय देत नाही. हाताने शिवतो, तो हात कपाळाला लावतो आणि पायरी ओलांडून पुढे जातो. आई मला लहानपणी उचलून पलीकडे ठेवायची. रोममध्ये एक म्हातारी बाई एकेका पायरीला हात लावून तो ओठांशी नेत होती. मला तर ती आपल्या वारीतलीच वाटली.

होटगी रोडवरून, सिव्हिल इंजिनिअर

मी प्रवासात खिशात टेप ठेवतो. जिना आवडला की पायरी मोजतो. सतराव्या शतकात ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने हिशोब मांडला होता: पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा मिळवली की माणसाचं एक पाऊल भरलं पाहिजे. आज आपण ते साधारण 60 ते 64 सेंटिमीटर धरतो. पण त्याहून मोठा नियम म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. दोन-तीन पायऱ्यांत पाय माप शिकतो आणि पुढे डोळा बघत नाही. काका, तुमची सातवी पायरी म्हणूनच लक्षात राहिली.

फ्रान्समधल्या शांबोर किल्ल्यात, जो 1519 मध्ये बांधायला घेतला, एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत. दोन्ही एकाच पोकळ खांबाभोवती फिरतात, पण कुठेच मिळत नाहीत. मी एकाने निघालो, बायको दुसऱ्याने. मधल्या खिडक्यांतून ती दिसायची, हात करायची, पुन्हा भिंतीआड. वर गच्चीवरच भेट झाली. लिओनार्दो द व्हिंचीची कल्पना असावी असं म्हणतात. तो त्याच वर्षी वारला, बांधकाम त्याने पाहिलं नाही.

पण माझ्या लेखी सगळ्यात शहाणा जिना राजस्थानातला, आभानेरीची चाँद बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर. साडेतीन हजार पायऱ्या, तेरा मजले खोल, तीन बाजूंनी उलट्या त्रिकोणांची नक्षी. ही नक्षी शोभेसाठी नाही. पावसाळ्यात पाणी वर असतं, उन्हाळ्यात खाली जातं. कुठल्याही महिन्यात, कुठल्याही पातळीला, घागर घेऊन आलेल्या बाईला पाण्याशी उभं राहायला पायरी मिळते, आणि एकाच वेळी कितीतरी जणींना मिळते. दुष्काळी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. आता खाली उतरू देत नाहीत, कठड्यावरूनच बघायचं. टेप खिशातच राहिला.

साखर पेठेतून

श्रवणबेळगोळ. विंध्यगिरीच्या पायऱ्या सलग खडकात कोरलेल्या आहेत, सहाशेच्या वर, आणि अनवाणीच चढायच्या. बाहुबली भगवान तुम्ही वर पोहोचेपर्यंत नीट दिसत नाहीत. शेवटच्या दारातून आत पाऊल टाकलं की 57 फुटांची मूर्ती एकदम समोर. दहाला खडक तापतो, म्हणून सहाला चढायला लागा. डोली मिळते. वडिलांना डोलीत बसवताना ते रडले, ते आम्ही विसरणार नाही.

मोदीखान्यातून, डॉक्टर

मी युक्रेनमधल्या ओडेसात मेडिकलला होते. समुद्राकडे उतरणारा पोटेमकिन जिना आमच्या हॉस्टेलच्या पोरींचा फिरायचा अड्डा. 1841 मध्ये बांधून झाला, आता 192 पायऱ्या आहेत. वरून बघितलं तर पायऱ्या दिसतच नाहीत, फक्त मधले सपाट टप्पे दिसतात. खालून बघितलं तर टप्पे गायब आणि नुसत्या पायऱ्या. शिवाय खाली तो 21 मीटरहून रुंद आणि वर जेमतेम साडेबारा, त्यामुळे खालून आहे त्यापेक्षा कितीतरी लांब दिसतो. पहिल्या हिवाळ्यात घरची आठवण आली की मी वरच्या पायरीवर बसून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खायची. घरून आलेला डबा पुरवून पुरवून. फेब्रुवारी 2022 नंतर तिथे जाणं झालं नाही. माझ्या रूममेटचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. तिचा मेसेज आला की आधी तारीख बघते, मग वाचते.

रूपाभवानीजवळून

परदेश मी बघितला नाही. माझा जिना तुळजापूरचा.

कोजागिरीला सोलापुरातून पायी निघतो, पंचेचाळीस किलोमीटर. रात्रभर चालणं, रस्ताभर माणसं, जागोजागी चहा आणि केळी वाटणारे. शेवटी घाट चढून जायचं. आणि इतकं चढून गेल्यावर देवीकडे जायला पायऱ्या उतरायच्या! बाकी देवं डोंगराच्या टोकावर, आपली आई खाली. नवख्याला वाटतं, बरं झालं, उतरणं सोपं. तसं नसतं. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला ताणलं जात असताना शरीराचा भार धरून ठेवावा लागतो, आणि रात्रभर चाललेल्या पायाला नेमकं तेच जमत नाही. मी फिजिओथेरपीचं काम करतो, तरी दरवर्षी पहिल्या पायरीवर पाय थरथरतात.

म्हणून तिथे सगळे तिरके उतरतात. कठड्याकडे तोंड, दोन्ही हात कठड्यावर, एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी. ज्यांना कठडा मिळत नाही ते पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. गेल्या वर्षी माझ्या खांद्यावर एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा. गोमुख तीर्थाच्या गर्दीपर्यंत तो तसाच होता. तिथे पाणी डोळ्याला लावायला मी वाकलो, तेव्हा सुटला.

जाणार असाल तर मोजे दोन जोड घ्या, आणि पायऱ्यांच्या आधी दहा मिनिटं बसून पोटऱ्या चोळा.