जहाजावरच्या समारंभी संध्याकाळींसाठी किल्ट: आपले अनुभव

स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या किंवा तिथल्या कुटुंबाशी सोयरीक जुळलेल्या ज्या मराठी मंडळींनी सागरी सफरीतल्या समारंभी संध्याकाळी किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा) नेसला असेल, त्यांनी पोशाख कसा निवडला आणि त्यात काय चुकले, हे सविस्तर लिहावे.

एडिनबरोहून:
नॉर्वेच्या सात रात्रींच्या सफरीत दोनच रात्री औपचारिक पोशाखाच्या होत्या, तरी मी बो टायबरोबर घालायचा आखूड प्रिन्स चार्ली कोट घेतला आणि उरलेल्या पाच रात्री तो कपाटातच राहिला. आता कुणी विचारले तर मी अर्गाइल कोट सुचवतो, कारण वेस्टकोट आणि बो टाय असली की तो औपचारिक जेवणाला शोभतो आणि साध्या टायवर इतर संध्याकाळीही चालतो. स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे लटकवायचा बटवा, मात्र दोन न्यावेत, समारंभासाठी फर लावलेला आणि एरवीसाठी साधा चामड्याचा. माझा किल्ट आठ वारांचा, वाराला १६ औंस भरणाऱ्या लोकरीचा होता. त्या वजनामुळेच मागच्या निऱ्या डेकवरच्या वाऱ्यातही जागच्या हलल्या नाहीत. आईला नऊवारी चापूनचोपून नेसताना ज्याने पाहिले आहे, त्याला निऱ्यांचे हे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

ग्लासगोहून:
जुलैमध्ये भूमध्य समुद्रावर एवढी जाड लोकर सोसवत नाही, १३ औंसांची पुरते. मी किल्ट भाड्याने घेताना पँटच्या कमरेचे माप दिले, ही चूक झाली. किल्ट बेंबीच्या उंचीवर बांधतात आणि त्याची कड गुडघ्याच्या मध्यावर यावी लागते. माझी गुडघ्याखाली गेली.

पुण्याहून, जावयाबरोबरच्या सफरीविषयी:
त्यांनी निऱ्यांना कच्चे टाके घालून, घडी न करता किल्टची गुंडाळी केली, त्यामुळे इस्त्रीची गरज पडली नाही. मोज्यात खोवायची छोटी सुरी मात्र जहाजावर चढतानाच सुरक्षा कर्मचाऱ्यांनी ठेवून घेतली आणि सफर संपल्यावर परत दिली. पाते नसलेली, नुसत्या मुठीची सुरी विकत मिळते, तीच न्यावी.

ॲबर्डीनहून:
आपल्या आडनावाचा क्लॅन (स्कॉटिश कूळ) नाही, मग टार्टन (किल्टच्या कापडाचा ठरावीक चौकडीचा नमुना) कुणाचा घ्यावा, हा संकोच मला बराच काळ होता. ब्लॅक वॉच नावाचा टार्टन कुणीही वापरू शकतो असे इथे मानतात आणि त्याचा गडद हिरवा-निळा रंग काळ्या कोटाखाली खुलतो. पर्याय पाहायचे असतील, तर २००९ पासूनची स्कॉटलंडची अधिकृत टार्टन नोंदवही सर्वांना खुली आहे. किल्टचे दोन पदर पुढे एकावर एक येतात, त्यातल्या फक्त वरच्या पदराला किल्टची पिन लावावी. दोन्ही पदर एकत्र टोचले तर बसताना कापड ताणले जाऊन फाटते.