कंपवात आणि समोरच्याचे मन ओळखण्यातील अडचण : आप्पांविषयी मार्गदर्शन हवे आहे

तापीकाठ (चोपडा तालुका)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आप्पांना, काही वर्षांपूर्वी कंपवाताचे (पार्किन्सन आजाराचे) निदान झाले. हाताची थरथर आणि चालण्यातील संथपणा लेव्होडोपाच्या गोळ्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहे, त्यामुळे हा प्रश्न शरीराच्या हालचालींविषयी नाही.

आप्पांनी अनेक वर्षे गावातील बांधाचे आणि वाटणीचे तंटे समजुतीने मिटवले. माणूस ओट्यावर येऊन बसला की त्याच्या मनात काय आहे, हे त्यांना तो बोलण्याआधीच कळत असे. अलीकडे मात्र ते भाऊबंदांत दारावर बसायला, म्हणजे मृत्यूनंतर सांत्वनाला, गेले, तेव्हा समोर काकू रडत असताना त्यांनी काकूंच्या मुलाला केळीची कटाई आटोपली का आणि भाव काय मिळाला, असे विचारले. घरात नणंदेने भरितावरून थोडी थट्टा केली, तर ती त्यांना खरी वाटली आणि ते ताटावरून उठले. दुसरीकडे त्यांच्या चेहऱ्यावर कोणताच भाव दिसत नसल्यामुळे भेटायला येणारे लोक समजतात की आप्पा आपल्यावर नाराज आहेत. सासूबाईंच्या मनाने तर घेतले आहे की आप्पांना आता कोणाचे काही वाटत नाही, आणि याचे त्यांना फार दुःख आहे.

हे वयामुळे होते, औषधामुळे होते की आजारामुळे? ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजायची का? आणि आम्ही घरच्यांनी कसे वागावे?

मनोमापन (जळगाव)

ताई, मी मेंदूच्या आजारांतील मानसिक चाचण्यांच्या क्षेत्रात काम करतो. आप्पांना तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी निश्चित काही सांगणे योग्य नाही, परंतु आपण लिहिलेले वर्णन या आजारात परिचयाचे आहे आणि सासूबाईंपर्यंत ते लवकर पोहोचावे म्हणून सविस्तर लिहितो.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी नोंदवले होते. ती समजूत पुढे दीर्घकाळ टिकली आणि हा केवळ हातापायांचा आजार आहे, असे मानले गेले. प्रत्यक्षात या आजारात कमी पडणारे डोपामिन हे रसायन ज्या मेंदूमंडलांत काम करते, त्यांतील काही हालचालींसाठी असली तरी काही मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेली असतात, आणि आखणी करणे, एका विचारावरून दुसऱ्याकडे वळणे, प्रसंग पाहून ओठांवर आलेले वाक्य थांबवणे ही कामे त्यांच्यावर अवलंबून असतात. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधण्यासाठी हीच यंत्रणा लागते, कारण तेथे स्वतःच्या मनातील विषय बाजूला ठेवून समोरच्याच्या जागी जावे लागते. आप्पांच्या मनात केळीचा विषय घोळत असेल आणि तो थांबवून काकूंच्या रडण्याकडे वळणे त्या क्षणी त्यांना जमले नसेल, अशी शक्यता मला मोठी वाटते.

चेहऱ्यावरील भाव ओळखण्याच्या चाचण्यांत कंपवाताच्या अनेक रुग्णांना अडचण येते, आणि आनंदापेक्षा भीती, राग, किळस, दुःख या भावांच्या बाबतीत ती अधिक दिसते. थट्टा किंवा टोमणा समजण्यासाठी शब्दांपेक्षा आवाजातील चढउतार महत्त्वाचा असतो, तोही काहींच्या हातून निसटतो. प्रत्येक रुग्णात हे घडत नाही आणि सारख्या प्रमाणात तर मुळीच नाही. मात्र समोरचा रडतो आहे हे न उमगणे निराळे आणि उमगूनही पर्वा नसणे निराळे, हे सासूबाईंना अवश्य सांगावे. कित्येक रुग्णांना परिस्थिती शब्दांत सांगितली की त्यांचे मन पूर्वीसारखेच द्रवते.

चेहरा निर्विकार दिसण्याचे कारण वेगळे आहे. चेहऱ्याच्या स्नायूंची हालचालही या आजारात मंदावते, त्यामुळे आत आनंद असला तरी तो बाहेर दिसत नाही. याचा आणखी एक परिणाम काही संशोधक सुचवतात : आपण समोरच्याचे हसू पाहताना नकळत आपलेही ओठ किंचित हलवतो आणि त्यातून त्याची भावना ओळखायला मदत होते, ती मदत गोठलेल्या चेहऱ्याला कमी मिळत असावी.

स्मृतिभ्रंशाविषयी एवढेच सांगतो की केवळ या लक्षणांवरून तो ठरत नाही. आजार दीर्घकाळ चालल्यावर अनेकांत तो येतो हे खरे आहे, पण त्यासाठी पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा, ओळखीचा रस्ता अशी रोजची कामे स्वतंत्रपणे जमतात का, हे पाहावे लागते. सोबत नैराश्य, थायरॉईड, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि श्रवणशक्ती यांची तपासणी करून घ्यावी. अनेकदा माणसाला नीट ऐकूच आलेले नसते.

साक्रीची सून (धुळे)

माझ्या यजमानांना हाच आजार आहे. वरील माहितीत मी औषधांची बाजू जोडते. थरथर कमी करण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी वयस्कर माणसाची स्मरणशक्ती आणि सावधपणा कमी करू शकते. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही याच आजारावरची औषधे चालू असताना काही जणांना जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ लागते. आमच्याकडे लॉटरीची तिकिटे उशीखाली सापडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली आणि ती ओढ ओसरली. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, हे मी हात जोडून सांगते, कारण त्यातून जिवावर बेतू शकते.

आप्पा एखाद्या दिवशी अचानक असंबद्ध बोलू लागले, तर आजार वाढला असे समजून घरी थांबू नका. आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात शरीरातील पाणी कमी होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते, आणि एवढ्यानेही या रुग्णांचा मेंदू गोंधळतो.

जुना गार्ड (भुसावळ)

मी स्वतः रुग्ण आहे आणि रेल्वेतून निवृत्त झालो आहे, म्हणून आतून काय होते ते लिहितो. चार माणसे एकदम बोलू लागली की मी पहिल्याच्या वाक्याचा अर्थ लावत असताना तिसऱ्याचे बोलणे संपलेले असते. मग मी गप्प बसतो, किंवा मला जे सुचते ते बोलतो आणि सगळ्यांचे चेहरे बदलतात. ते का बदलले, हे मला घरी आल्यावर पत्नीने सांगितल्यावर कळते, आणि कळल्यावर फार वाईट वाटते.

आमच्या घरात आता एक सवय पडली आहे. कोठेही जाण्यापूर्वी पत्नी मला वाटेत सांगते की तेथे काय घडले आहे, कोण दुःखात आहे आणि कोणता विषय काढू नये. मीही माझ्या बाजूने भावना तोंडाने सांगतो. नातू जवळ आला की मी म्हणतो, "माले राग नही उना, मी थकी गऊ." सुरुवातीला असे बोलून दाखवणे परके वाटले, पण त्यामुळे नातू पुन्हा माझ्याजवळ बसू लागला. भेटायला येणाऱ्यांनी एकेकट्याने यावे, टीव्ही बंद असावा आणि गोळीचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडावी, असे माझे मत आहे. तुमच्या आप्पांना ओट्यावर बसणे बंद करू देऊ नका. माणसांत राहणे सुटले तर उरलेली सवयही जाते.

तापीकाठ (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. भुसावळच्या काकांचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. मनोमापन यांना एक विचारायचे आहे : आप्पांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि ते विचार अहिराणीतून करतात. मागे एकदा चाचणीत त्यांना कमी गुण पडले होते. ते कितपत खरे मानावेत?

मनोमापन (जळगाव)

प्रश्न अतिशय योग्य आहे. बहुधा ती स्मरणशक्ती व विचारशक्ती तपासणारी 30 गुणांची मोका चाचणी असावी. बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना त्यात एक गुण वाढवून देतात, पण सातवी शिकलेल्या माणसाला घनाकृतीची नक्कल करणे किंवा एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगणे अपरिचित असते आणि एका गुणाने ते भरून निघत नाही. सूचना अहिराणीत समजावून सांगणारे घरचे माणूस सोबत न्यावे, मात्र त्याने उत्तर सुचवू नये. गोळीचा परिणाम ओसरला असेल त्या वेळी चाचणी घेऊ नये. आप्पा पूर्वी तंटे कसे मिटवत आणि आता नेमके काय बदलले, हे आपण येथे लिहिले आहे तसेच कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे. त्यांची तुलना आप्पांच्या स्वतःच्या पूर्वीच्या वागण्याशी झाली पाहिजे, आणि ती माहिती घरच्यांशिवाय कोणाकडेच नसते.