मदत हवी आहे: स्टॅनली ५ नंबर रंध्याची पितळी चकती

नमस्कार मंडळी,

आजोबांचा स्टॅनली बेली ५ नंबरचा लोखंडी रंधा परत कामाला लावायचाय. बॉडीला कुठं तडा नाही, २ इंची पातंही भरपूर शिल्लक आहे. अडलंय ते पातं वर-खाली करणाऱ्या पितळी चकतीपाशी. तिच्या आतले आटे पार गेलेत, आणि ती चकती ज्या वाय आकाराच्या बिडाच्या तुकड्याला ढकलते, त्याचा एक पाय तुटलाय. सध्या हातोडीनं टिचक्या मारून पातं सेट करतोय. कंटाळवाणं काम!

साधा नट इथं चालत नाही. आटे डावे आहेत, माप ९/३२ इंच आणि इंचाला २४ आटे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक लेथवाले काका चकती कातून द्यायला तयार आहेत, पण या मापाचा डावा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) त्यांच्याकडे नाही. "उजव्या आट्याचा स्टडच (चकती ज्यावर फिरते ती आट्यांची दांडी) नवा घालूया की," म्हणाले. चालेल, पण जुना स्टड काढताना खालचा फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो ठोकळा) फुटला तर? बीडच ते. म्हणून ती वाट शेवटची.

अनंत कंपनीच्या रंध्याची चकती यावर कुणी बसवून बघितलीय का? लक्ष्मीपुरीत किंवा आसपास जुनी हत्यारं ठेवणारं कुणी माहीत आहे? ४ नंबरचा मोडका स्टॅनली असला तरी घेईन, चकती तीच लागते. वाय तुकडा दाबीव पत्र्याचा असला तरी हरकत नाही. शोकेसमध्ये ठेवायचा नाहीये, सागाच्या चौकटी करायच्यात.